लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, सॉफ्टवेअर मात्र डिस्कवर: लायसन्स न गमावता इन्स्टॉल कसं करायचं

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून आज नवा लॅपटॉप घेतला, तर त्याला सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा नसतोच. जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असायचा. मशीन पातळ करायला निघाल्यावर त्याला जागा उरली नाही. अडचण होते ती ज्यांचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर डिस्कवर आहे त्यांची. महाल भागातल्या छापखान्यातलं मराठी फॉन्टचं पॅकेज, इतवारीतल्या पेढीवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, घरच्या कपाटातली मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डीव्हीडी. नवं मशीन आलं की काही जण तेच सॉफ्टवेअर पुन्हा विकत घेतात, काही जण कुठून तरी क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत, मिळवतात. दोन्ही टाळता येतं, फक्त कामाचा क्रम बरोबर हवा.

डिस्कवर असतात त्या इन्स्टॉल करायच्या फाइली. त्या वापरण्याचा हक्क, म्हणजे लायसन्स, बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: डब्यातल्या कार्डावर, मदरबोर्डमध्ये, कोणाच्या तरी ईमेल खात्यावर, नाहीतर यूएसबीला लावायच्या डोंगलमध्ये. फाइली पुन्हा मिळवायच्या अनेक वाटा आहेत. लायसन्स हरवलं तर मात्र डिस्क हातात असूनही काम अडतं. म्हणून जुनं मशीन अजून चालू आहे तोवरच लायसन्स कुठे आहे ते शोधून ठेवा.

लायसन्स कुठे आहे?

डब्यात किंवा सीडीच्या कव्हरवर छापलेली 'की', म्हणजे लायसन्सचा सांकेतिक क्रमांक, हा सगळ्यांत सोपा प्रकार. मायक्रोसॉफ्टची की २५ अक्षरांची, पाच-पाचच्या पाच गटांत असते. स्टिकर पुसट झालं असेल तर एक गोष्ट फार कामाला येते: या कीमध्ये ए, ई, आय, एल, ओ, एस, यू, झेड ही अक्षरं आणि ०, १, ५ हे अंक वापरलेच जात नाहीत. म्हणजे ओ वाटतंय ते क्यू किंवा डी असणार, झेड वाटतंय तो २ असणार. खरा घोळ बी आणि ८, तसंच जी आणि ६ यांच्यात होतो. तिथे दोन्ही करून पाहायचे. स्टिकरवर टॉर्चचा उजेड बाजूने, तिरका पाडून मोबाइलने फोटो काढला की बरंच वाचता येतं.

विंडोजचं लायसन्स वेगळं. विंडोज ८ पासून पुढे, लॅपटॉप विंडोजसकट आला असेल तर की मदरबोर्डच्या चिपमध्येच भरलेली असते. त्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकताना की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडायचा आणि आधी होती तीच आवृत्ती टाकायची. विंडोज 'होम'च्या लॅपटॉपवर 'प्रो' टाकलं तर ते ॲक्टिव्हेट होत नाही. मशीनसोबत आलेलं हे लायसन्स त्याच मशीनपुरतं असतं, नव्या लॅपटॉपवर नेता येत नाही. सुट्या डब्यातून विकत घेतलेलं लायसन्स नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर.

ऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांची की एकदाच वापरायची असते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडली गेली की पुढे लायसन्स त्या खात्यावर राहतं, की कायमची बाजूला पडते. इथे आपल्याकडे सर्रास होणारा गोंधळ सांगायलाच हवा. लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगा 'ऑफिस चालू करून देतो' म्हणतो आणि घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने खातं उघडतो. दोन वर्षांनी मशीन फॉरमॅट होतं, ऑफिस ईमेल विचारतं, आणि तो ईमेल कोणाचा हे कोणालाच आठवत नाही. पेढीवरही तेच होतं: हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या मुनिमाच्या ईमेलवर नोंदलेलं असतं, तो नोकरी सोडून गेलेला असतो. खरेदीच्या दिवशीच समोर बसून आपला स्वतःचा ईमेल आणि आपला मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या. पेढी असेल तर एका माणसाचा नको, पेढीचा ईमेल द्या. बिलावर सॉफ्टवेअरचं नाव आणि शक्य असेल तर सिरियल नंबर लिहून घ्या. वाद झाला तर कंपनी बिलच मागते.

की हरवली आहे पण जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर चालू आहे, अशी परिस्थिती असेल तर आवृत्ती पाहावी लागते. ऑफिस २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांची पूर्ण की मशीनमधून शोधून देणारी छोटी सॉफ्टवेअर आहेत. ऑफिस २०१३ पासून मशीनमध्ये कीची शेवटची पाचच अक्षरं सापडतात. तेवढ्यावर इन्स्टॉल होणार नाही, पण घरात तीन-चार कार्डं पडली असतील तर त्यातलं नेमकं कोणतं ते त्यावरून कळतं.

आधी कंपनीची साइट पाहा

की किंवा खातं हाताशी असेल तर बहुतेक वेळा डिस्कची गरजच पडत नाही. कंपनीच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवायचा आणि आपली की टाकायची. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं 'मीडिया क्रिएशन टूल' आहे. त्याला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. ऑफिससाठी आपल्या खात्यात शिरलं की तिथेच 'इन्स्टॉल'चं बटण असतं. अँटिव्हायरसच्या डब्यातली सीडी तर बाजूलाच ठेवा. तिच्यावरची आवृत्ती जुनी असते, आणि डब्यातली की साइटवरून उतरवलेल्या ताज्या आवृत्तीला चालते. प्रिंटर-स्कॅनरची सीडी हरवली म्हणून अडून बसायचं कारण नाही. मॉडेल क्रमांक टाकला की ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर कोणालाही उतरवता येतो. लायसन्स नसेल तर ते 'एज्युकेशनल मोड'मध्ये चालतं आणि महिन्याच्या १ आणि २ सारख्या मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतं. नव्या मशीनवर टॅली टाकलं आणि आजची तारीख स्वीकारत नाही, अशी तक्रार आली की इन्स्टॉल बिघडलं असं समजू नका, लायसन्स ॲक्टिव्हेट करायचं राहिलं आहे. सिरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशन की टाकली की नोंदलेल्या ईमेलवर अनलॉक की येते. तो ईमेल उघडता आला नाही की मुनिमाला शोधत फिरावं लागतं. आणखी एक: सॉफ्टवेअर नव्याने टाकल्याने जुने हिशेब येत नाहीत. डेटाचं फोल्डर जुन्या मशीनवरून वेगळं उचलावं लागतं.

उतरवताना आवृत्ती नेमकी जुळवा. 'होम अँड बिझनेस'ची की 'प्रोफेशनल प्लस'च्या इन्स्टॉलरला चालत नाही, आणि तिथे येणारा संदेश नुसता 'की चुकीची आहे' एवढंच म्हणतो. लोक मग की दहा वेळा तपासत बसतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणार असाल तर आकार आधी पाहा: विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी आहे, आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती बसत नाही. अशी फाइल फायबरचं कनेक्शन असलेल्या कोणाकडे तरी पेन ड्राइव्हवर घेतलेली बरी.

ॲक्टिव्हेशन होत नसेल तर मशीनची तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलेला असला की वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. सेल बदलला, तारीख-वेळ दुरुस्त केली की काम होतं.

आपल्याच डिस्कची प्रत

कंपनीने ती आवृत्ती साइटवरून काढून टाकली असेल, किंवा कंपनीच उरली नसेल, तर आपल्या डिस्कवरूनच फाइली काढायच्या. यासाठी ड्राइव्ह असलेलं कोणतंही दुसरं मशीन तासाभरासाठी मिळालं तरी पुरतं. ही चोरी नव्हे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (एए) नुसार प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे, त्याला ती ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरता यावी म्हणून प्रत काढता येते, आणि हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअपही ठेवता येतो. तीच प्रत शेजाऱ्याला दिली की मात्र तो हक्क संपतो. उल्लंघन करून बनवलेली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ६३ बी खाली किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

प्रत काढायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे डिस्क उघडून सगळ्या फाइली सरळ पेन ड्राइव्हवर ओढणे. साध्या सॉफ्टवेअरला हे पुरतं. लपवलेल्या फाइलीही घ्यायला विसरू नका: एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' चालू करा. दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण डिस्कची एकच 'इमेज' फाइल बनवणे, जिला आयएसओ म्हणतात. आमचं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर आयएसओच बनवा. तिच्यात डिस्कचं नाव, फाइलींची रचना, सगळं जसंच्या तसं येतं, आणि पुढे सांगितलेल्या अर्ध्या अडचणी मुळात उद्भवतच नाहीत.

विंडोजमध्ये आयएसओ उघडायची सोय आहे, बनवायची नाही. त्यासाठी 'इमेजबर्न'सारखं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात 'डिस्कवरून इमेज फाइल बनवा' हा पर्याय निवडायचा, जागा सांगायची आणि सुरू करायचं. मोफत सॉफ्टवेअर टाकताना सोबत दुसरंच काही टाकून घेत नाही ना, हे प्रत्येक पडद्यावर वाचून मगच पुढे जा. उबुंटूमध्ये 'डिस्क्स' या सोबत येणाऱ्या प्रोग्रॅममध्येच ही सोय आहे. मॅकवर 'डिस्क युटिलिटी'तून 'डीव्हीडी/सीडी मास्टर' प्रकारची इमेज निघते. ७०० एमबीची सीडी चांगल्या स्थितीत असेल तर पाचेक मिनिटं लागतात, ४.७ जीबीची डीव्हीडी असेल तर दहा ते पंधरा. विंडोज त्याच भरलेल्या डीव्हीडीचा आकार ४.३७ जीबी दाखवतं; मोजायच्या पद्धतीतला तो फरक आहे, प्रत अपुरी राहिली असं नाही.

पेन ड्राइव्हवर टाकताना हमखास अडकायला होतं ते इथे. १६ किंवा ३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ४.३ जीबीची फाइल टाकायला जावं, तर 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो. कारण बरेच पेन ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेन ड्राइव्हमधलं सामान काढून घ्या, त्यावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट' निवडा आणि फाइल सिस्टिम 'एनटीएफएस' करा. मॅकवरही लिहायचं असेल तर 'एक्सफॅट' करा.

नव्या लॅपटॉपवर आल्यावर थेट पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करू नका. फाइल आधी सी ड्राइव्हवर एका छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा. फोल्डरचं नाव मराठीत ठेवायचा मोह आवरा, कारण बरेच जुने इन्स्टॉलर देवनागरी अक्षरं असलेला पत्ता समजूच शकत नाहीत आणि भलतीच चूक दाखवून थांबतात. विंडोजमधलं तुमचं युजरचं नावच मराठीत असेल तरी हेच होतं, कारण इन्स्टॉलर तात्पुरत्या फाइली त्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. अशा वेळी इंग्रजी नावाचं, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं दुसरं युजर खातं बनवा आणि त्यातून इन्स्टॉल करा.

विंडोज ८ पासून पुढे आयएसओ फाइलवर दोनदा क्लिक केलं की 'धिस पीसी'मध्ये नवा डीव्हीडी ड्राइव्ह दिसू लागतो. आत डिस्कवरच्याच फाइली असतात. 'सेटअप' नावाच्या फाइलवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. सीडी टाकल्यावर जशी आपोआप खिडकी उघडायची, तशी ती नेहमी उघडेलच असं नाही. पेन ड्राइव्हवरून तर नाहीच. व्हायरस पसरत होते म्हणून पेन ड्राइव्हची ती सोय विंडोजने बंद केली. दोनदा क्लिक करूनही आयएसओ उघडत नसेल तर ती पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर नाही ना, ते पाहा. सी ड्राइव्हवर आणली की बहुधा उघडते. विंडोज ७ असेल तर 'सेव्हन-झिप'ने ती फोल्डरसारखी सोडवता येते.

इन्स्टॉलर अडतो तेव्हा

'डिस्क टाका' असा संदेश येणं ही सगळ्यांत नेहमीची अडचण. फाइली फोल्डरमध्ये ओढून घेतल्या असतील तर इन्स्टॉलर तपासतो की आपण सीडी ड्राइव्हवरून चालतोय का, आणि डिस्कचं नाव बरोबर आहे का. पेन ड्राइव्हला डिस्कचंच नाव दिलं तर कधी कधी जमतं, पण फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये नाव ११ अक्षरांपलीकडे जात नाही. लांब नावासाठी एनटीएफएस लागतं. आयएसओ उघडली की विंडोज तिला सीडी ड्राइव्ह म्हणूनच दाखवतं आणि नावही मूळचंच असतं, म्हणून प्रश्न मिटतो. दोन-तीन डिस्कचं पॅकेज असेल तर प्रत्येकीची वेगळी आयएसओ बनवा. दुसरी डिस्क मागितली की पहिल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा आणि दुसरी आयएसओ उघडा. तिला तेच अक्षर मिळालं का ते बघा आणि मगच 'ओके' दाबा.

मधेच मशीन रीस्टार्ट झालं तर उघडलेली आयएसओ नाहीशी होते. इन्स्टॉलर परत सुरू होऊन डिस्क मागतो आणि माणूस गोंधळतो. पुन्हा दोनदा क्लिक करून ती उघडली की गाडी पुढे जाते. इन्स्टॉल झाल्यावरही आयएसओ पुसू नका. जुन्या ऑफिसमधला एखादा भाग पहिल्यांदा वापरताना, किंवा 'रिपेअर' करताना, सॉफ्टवेअर पुन्हा मूळ फाइली मागतं.

स्वस्त लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल होत नसेल, फक्त स्टोअरमधूनच घ्या असा संदेश येत असेल, तर विंडोज 'एस मोड'मध्ये आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरून त्यातून बाहेर पडता येतं. पैसे लागत नाहीत, पण परत एस मोडमध्ये जाता येत नाही. विंडोज ९५-९८ च्या काळातल्या काही सीड्यांवरचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो आणि तो ६४ बिट विंडोजवर सरळ चालत नाही. तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये, जुनं विंडोज टाकावं लागतं, तेही लायसन्ससह. ३२ बिटचा इन्स्टॉलर कुरकुर करत असेल तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन विंडोज ७ किंवा एक्सपी निवडून पाहा. 'डॉट नेट ३.५' मागितलं तर ते 'विंडोज फीचर्स'मधून चालू करा. त्यासाठी इंटरनेट लागतं.

काही जुने गेम आणि मुलांच्या शिक्षणाच्या सीड्या 'सेफडिस्क' किंवा 'सिक्युरॉम' नावाच्या कुलपाने बंद केलेल्या असतात. त्यांची प्रत चालत नाहीच, पण विंडोज १० पासून सेफडिस्कची मूळ डिस्कसुद्धा चालत नाही, कारण तिचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने बाद झाला. विंडोज ७ आणि ८ वरही सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने तो बंद केला. अशा सीडीवर वेळ घालवू नका. तोच खेळ डिजिटल स्वरूपात मिळत असेल तर तो घ्या.

दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह वायफायवरून शेअर करून वापरता येतो, पण आता आम्ही तो मार्ग सुचवत नाही. विंडोज ११ चे अलीकडचे अपडेट जुन्या, पासवर्ड नसलेल्या शेअरिंगला नकार देतात, आणि जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या इन्स्टॉलरला दिसतच नाही. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह

डिस्क बऱ्याच असतील, किंवा दवाखान्यातून एक्स-रे, एमआरआयच्या सीड्या नेहमी हातात पडत असतील, तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेणं योग्य. ब्लू-रेची गरज नाही. ड्रायव्हर टाकावा लागत नाही. लावला की विंडोज ओळखतं. तक्रारी येतात त्या बहुतेक विजेच्या. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्ह क्षणभर याहून जास्त ओढू शकतो. मग टिकटिक आवाज येतो, डिस्क फिरते आणि थांबते, ड्राइव्ह पडद्यावर दिसतो आणि गायब होतो. उपाय साधा: हब काढा आणि थेट मशीनला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर चांगला कन्व्हर्टर घ्या. ड्राइव्ह विकत घेण्याआधी परत करायची सोय विचारा आणि आपली सगळ्यांत जुनी सीडी दुकानातच लावून पाहा.

डिस्कच वाचली जात नसेल तर

विदर्भातला मे महिना डिस्कला मानवत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत ठेवलेली डिस्क वाकू शकते. सपाट काचेवर ठेवून बघा. कडा उचललेली दिसली तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. धूळ असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डिस्कवरची माहिती गोल मार्गाने लिहिलेली असते, त्याच दिशेने ओरखडा पडला तर एका जागची सलग माहिती जाते. सीडीला खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तो खरवडला गेला की माहिती गेलीच. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असल्याने तो लेबलकडूनही सुरक्षित असतो.

प्रत काढताना 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'ची चूक, म्हणजे डिस्कवरची माहिती नीट वाचता न आल्याचा संदेश, आली की वाचायचा वेग कमी करा. इमेजबर्नमध्ये तो ४ एक्सपर्यंत खाली आणता येतो. तरी नाही जमलं तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह वापरून पाहा, कारण एकाची लेन्स जे वाचत नाही ते दुसऱ्याची वाचते. मधल्या भोकापाशी तडा गेलेली सीडी कोणत्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. वेगवान ड्राइव्ह तिला मिनिटाला जवळपास १० हजार फेरे फिरवतो, तडा गेलेली डिस्क आत फुटते आणि ड्राइव्हही जातो.

डोंगलवाली सॉफ्टवेअर

मराठी डीटीपीची (संगणकावर छपाईची पानं मांडायची) श्रीलिपी किंवा आयएसएमसारखी पॅकेजं आणि काही इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर यांचं लायसन्स डोंगलमध्ये असतं. इथे डिस्क हरवली तर फाइली कंपनीकडून मिळतील, डोंगल हरवलं तर लायसन्स गेलं समजा. आधी डोंगलचा ड्रायव्हर टाका, मग डोंगल लावा. उलट केलं तर विंडोज चुकीचा ड्रायव्हर पकडून बसतं. सीडीवरचा हास्प किंवा सेंटिनेल या डोंगलांचा जुना ड्रायव्हर विंडोज १०-११ वर बहुधा चालत नाही, डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ताजा घ्या. विंडोज ११ मधली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुना ड्रायव्हर अडवला जातो. ती बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर शोधणं चांगलं, कारण ती सोय तुमच्याच सुरक्षेची आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर तर डोंगल घेऊन जाऊच नका. तिथे साधी सॉफ्टवेअर चालतात, पण इंटेलसाठी लिहिलेले ड्रायव्हर चालत नाहीत.

जुनं डोंगल २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टचं असेल तर बाजारातली यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊन फायदा नाही. ती केबल फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगल तिला ओळखता येत नाही. कंपनीला बिल दाखवून यूएसबी डोंगल बदलून मागा.

डिजिटल सहीच्या टोकनबाबत उलटी सोय आहे. जीएसटी, आयकर आणि ई-टेंडरसाठी लागणारी बरीच टोकनं यूएसबीला लावल्यावर स्वतःच एक छोटा सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात आणि त्यांचा ड्रायव्हर आतच असतो. टोकन दिसतं पण सही होत नाही, अशा वेळी आधी तो ड्राइव्ह उघडून इन्स्टॉलर चालवला आहे का ते पाहा.

क्रॅकबद्दल थोडंच. 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा' असं जी फाइल सांगते, ती मशीनमध्ये काय टाकतेय हे तपासणारा पहारेकरीच तुम्ही हटवत असता. ज्या मशीनवर बँकेचं काम आणि पेढीचा हिशेब आहे, तिथे हे करू नका. तशीच विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. ती चालत राहतात, पण ईमेलने आलेल्या अनोळखी फाइली त्यांत उघडायला जपा.

जुनं मशीन देऊन टाकण्याआधी

एका लायसन्सवर एकच मशीन असं जिथे आहे, तिथे नव्यावर ॲक्टिव्हेट करताना 'मर्यादा संपली' असा नकार येतो. टॅलीत जुन्या मशीनवरून 'सरेंडर लायसन्स' करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. अँटिव्हायरस नेटला जोडलेला असतानाच काढायचा, म्हणजे त्याची की मोकळी झाल्याची नोंद सर्व्हरवर होते. ऑफिसच्या खात्यातून जुन्या मशीनवर साइन आउट करायचं. मशीन आधीच बंद पडलं असेल तर कंपनीच्या ग्राहक मदत केंद्राला बिल आणि सिरियल नंबर देऊन लायसन्स मोकळं करून मागायचं. हे होतं, पण वेळ लागतो. डेटा काढून घेतला, डोंगल मागच्या पोर्टमध्ये राहिलं नाही ना ते पाहिलं, नव्या मशीनवर सॉफ्टवेअर एकदा उघडून एक बिल छापून बघितलं, की मगच जुनी हार्ड डिस्क पुसा. सरेंडर करायला जुनं मशीन सुरू व्हावं लागतं.